जोगाईचा करडा ठिपका

पडद्यावरचे हिरवे ठिपके पिवळे पडले त्या दिवशी अख्ख्या दांडेखोलाने मला शिव्या घातल्या. त्यात सगळ्यांत वरचा आवाज माझ्या वहिनीचा. पाटीतली कोलंबी तशीच टाकून ती सोसायटीच्या ऑफिसात आली आणि फोन माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "हेमांगी, यो काय परकार हाय? सकाली तुज्या भावाची बोट हिरवी व्हती. आता पिवली का जाली? काय जालं त्याला?"

"काय नाय जालं, वहिनी. दादाची खबर शिली जाली, इतकंच. ताजी आली का परत हिरवी व्हईल."

"मंग शिली खबर हिरवी ठेवायला तुज्या बापाचं काय जात व्हतं?"

माझा बाप म्हणजे तिचाच सासरा, हे ती रागाच्या भरात विसरली. पण तिच्या मागे जिन्यावर आणखी पाच-सहा जणी उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या फोनवर कुणाचा तरी नवरा पिवळा पडला होता, तेव्हा हसायची सोय नव्हती.

ही हकिकत मी आभार मानायला सांगते आहे. मला थोडक्यात आभार मानता येत नाहीत, आणि ज्यांचे मानायचे त्यांतल्या निम्म्या लोकांना मी कधी पाहिलेलंही नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

दांडेखोल हे रायगडच्या दक्षिण टोकाला, खाडीच्या तोंडाशी वसलेलं मासेमारीचं बंदर. डिझेलच्या बोटी जाऊन बॅटरीच्या बोटी आल्या तेव्हाच प्रत्येक बोटीवर एक डबी सक्तीची झाली. डबी म्हणजे नारळाएवढं केशरी यंत्र. ते आपली जागा उपग्रहाला कळवतं, आणि बोट उलटली तर समजावं म्हणून बोट कशी डोलते तेही कळवतं. त्याची बॅटरी त्याच्याच पोटात असते. सगळ्या डब्यांची खबर सोसायटीच्या सर्व्हरवर येते. हा सर्व्हर बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत, आणि त्याची काळजी घेणारी मी, हेमांगी चोगले. बाकीचा दिवस मी ठाण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. सोसायटीचं काम हे गावचं काम, म्हणजे पगार कमी आणि बोलणी जास्त.

सर्व्हर त्या खबरीतून नकाशा तयार करतो आणि तो गावात प्रत्येकाच्या फोनवर दिसतो. एक बोट, एक ठिपका. आमच्याकडच्या बायका भाकऱ्या थापता थापता तो नकाशा बघतात. नवऱ्याचा ठिपका हिरवा असला की त्यांचा हात पटापट चालतो.

आता गोम अशी होती, की ठिपका कायमच हिरवा असायचा. डबीची खबर दर वेळी पोचतेच असं नाही. कधी ढग, कधी लाट, कधी डबीवर कुणी ओलं जाळं टाकलेलं. मग सर्व्हर काय करायचा, तर शेवटची आलेली जागा दाखवत बसायचा. सकाळची खबर संध्याकाळीही त्याच दिमाखात हिरवी. मासळी शिळी झाली तर आमची वहिनी दहा हातांवरून वासाने ओळखते. खबरीला वास नव्हता.

तो वास आणला केतकीने. केतकी ही प्रोग्राम लिहायची भाषा. पुण्यात जन्मली, त्यामुळे अंमळ शिष्ट. चूक झाली की बाकीच्या भाषा आकडे फेकतात, केतकी पाटी लावते. "आपण दिलेली सूचना समजली, परंतु पटली नाही." असलं काही वाचलं की माझं डोकं फिरायचं. पण तिच्या नवव्या आवृत्तीत एक नवी सोय आली, तिचं नाव भरवशाच्या किमती, आणि तेव्हापासून तिचे सगळे टोमणे मी माफ केले आहेत.

आजवर संगणकाच्या लेखी किंमत म्हणजे नुसती किंमत. अक्षांश अमुक, रेखांश तमुक. ती कधी कळली आणि कुणाकडून कळली, हे लक्षात ठेवणं प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या मर्जीवर, आणि कामाच्या घाईत ही मर्जी सगळ्यांत आधी मरते. नव्या आवृत्तीत प्रत्येक किमतीच्या पाठीवर या दोन्ही गोष्टी कायमच्या बांधलेल्या असतात. वेळ जाईल तसा किमतीचा भरवसा आपोआप उतरत जातो. वेगळ्या तोंडून तीच गोष्ट आली तर तो चढतो. एकाच तोंडाने दोनदा सांगितलं तर मात्र चढत नाही. आणि भरवसा फार उतरला की ती किंमत खरी म्हणून वापरायला भाषा साफ नकार देते. "या किमतीचा भरवसा संपला आहे. पुढे काय करायचे ते आपणच सांगावे." ते सांगितल्याशिवाय प्रोग्राम पुढे सरकतच नाही.

मी हौसेने नकाशाचा सगळा प्रोग्राम नव्या आवृत्तीत लिहून काढला. माझ्या लॅपटॉपवर झकास चालला. ताजी खबर हिरवी, उतरत चाललेली पिवळी, काहीच माहीत नसेल तिथे करडा ठिपका. मग तो सर्व्हरवर चढवला आणि काय, सगळे ठिपके पुन्हा हिरवेगार.

कारण सर्व्हरच्या पोटात केतकीची सहावी आवृत्ती बसलेली होती. नवी भाषा जुन्या सर्व्हरवर चालावी म्हणून मधे एक रूपांतर करणारं यंत्र असतं. ते नवं लिखाण जुन्या शब्दांत उतरवून देतं. जुन्या आवृत्तीला भरवसा ही वस्तूच ठाऊक नाही, म्हणून यंत्र ती गुपचूप सोलून टाकत होतं आणि आतला आकडा तेवढा पुढे धाडत होतं. मासळी पोचत होती, पण ती कधी पकडली हे सांगणारा माणूस रस्त्यातच उतरत होता. यावर उपाय एकच. नुसता प्रोग्राम बदलून भागणार नव्हतं, सर्व्हरच्या पोटातलं इंजिनच बदलायला हवं होतं. आणि त्यासाठी सर्व्हर काही वेळ बंद ठेवायला लागणार होता.

सोसायटीचे चेअरमन रमाकांत पावशे, आमचे पावशेकाका, यांना मी हे समजावायला गेले. स्वतःची बोट असलेला, मिशा रंगवणारा, मुळात प्रेमळ माणूस.

"चाललाय ना सर्व्हर?" काका म्हणाले.

"चाललाय, पण खोटं बोलतोय."

"कवापासून?"

"पहिल्यापासून."

"मंग इतकी वरसं कोनाचं काय बिघडलं? आनि भरवसा टक्क्यात मोजतेस? बोटीचं लगीन ठरवायचंय का तुना?" कमिटीतले सगळे हसले. मी हसले नाही, म्हणून काकांनी चष्मा काढून माझ्याकडे नीट पाहिलं. "बरं. लक्ष्मीपूजनाला समद्या बोटी बंदरात असतात, तवा बदल. तुलशीचं लगीन होईतो चालव. लोकांना नाय आवडलं तर जुनं परत बसवायचं. तवा मंग रडायचं नाय."

मी काकांची आजही ऋणी आहे. गावात निवडून आलेल्या माणसाला न कळलेल्या गोष्टीला हो म्हणायचं म्हणजे खायचं काम नाही.

लक्ष्मीपूजनाला बोटींची पूजा चालू असताना मी वर इंजिन बदललं. भाऊबीज झाली, बोटी बाहेर पडल्या, ठिपके पिवळे पडले, आणि मग वर सांगितल्या त्या शिव्या. मी प्रत्येकीला समजावत होते, की पिवळा म्हणजे वाईट नाही, पिवळा म्हणजे शिळं. त्यांना ते पटत नव्हतं, आणि त्यांचं तरी काय चुकलं? हिरव्या ठिपक्याने त्यांना इतकी वर्षं झोप दिली होती. मी ती काढून घेतली आणि बदल्यात काय दिलं, तर खरं. खऱ्यावर कुणाची झोप होते?

असं सगळं चाललेलं असताना सर्व्हरने मला एक पाटी दाखवली. "जोगाई आणि दर्यासागर या दोन बोटींच्या नोंदी एकाच तोंडून आलेल्या दिसतात. दोन समजू नयेत. त्या वेगळ्या असल्याची आपली खात्री असल्यास खाली नाव घालून हमी द्यावी."

जोगाई ही माझ्या भावाची, हरेशदादाची बोट. दर्यासागर ही त्याचा मेव्हणा जितेन पेरेकर याची, म्हणजे वहिनीच्या सख्ख्या भावाची. मी दोन्ही डब्यांचं डोलणं एकाखाली एक मांडून पाहिलं. दोन बोटी शेजारी शेजारी नांगरल्या तरी एकाच लाटेवर सारख्या डोलत नाहीत. एकीचा बांधा जड, दुसरीचा हलका. इथे मात्र दोन्ही रेघा अगदी एकावर एक बसत होत्या. म्हणजे दोन्ही डब्या एकाच बोटीवर होत्या.

का, ते मला विचारायची गरज नव्हती. आमच्यात मासळीची जागा ही घरातल्या दागिन्यासारखी जपतात. माझ्या वडिलांना, आबांना, खोल पाण्यात घोळ माशाची एक जागा सापडली होती. घोळ म्हणजे सोन्याच्या मोलाचा मासा. ती जागा आबांनी दादाला सांगितली. दादाने वहिनीला सांगितली असणार, कारण घरात आलेल्या सुनेला सांगायची रीत आहे. लेकीला सांगत नाहीत, ती उद्या दुसऱ्या घरची. माझं लग्न झालं नाही, मी कुठल्याच घरची झाले नाही, पण रीत ती रीत. तर अशी जागा जपणाऱ्या माणसाच्या बोटीवर सरकारने डबी बसवली आणि सोसायटीने त्याची वाट साऱ्या गावाच्या फोनवर दाखवायला सुरुवात केली. मग नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, काय करणार? समुद्रात गेल्यावर डबी मेव्हण्याच्या हवाली करायची आणि आपण मोकळं व्हायचं. हे गावात सगळेच जाणून होते आणि कुणीच बोलत नव्हते.

दादा बंदरात आला तेव्हा मी धक्क्यावर गेले. तो बर्फाच्या पाट्या उतरवून घेत होता.

"दादा, तुजी डबी कुटं हाय?"

"बोटीवर."

"कुनाच्या?"

त्याने पाटी खाली ठेवली. "कोनी सांगितलं तुना? जितेननं?"

"कोनी नाय सांगितलं. दोन डब्या एकाच लाटेवर सारक्या डोलतात. सर्व्हरला कललं."

"मंग मिटव ते. तुज्याच हातात हाय ना?"

"माजं नाव घालून हमी द्यायला लागंल, दादा. का जितं डबी हाय तितंच जोगाई हाय म्हनून."

"मंग घाल नाव," दादा अगदी सहज म्हणाला. "भैन कोनाची हायस? सोसायटीची का माजी? डबी काढलेली कललं तर हंगामभर परवाना जाईल. सात मानसांची चूल हाय या बोटीवर."

मी ऑफिसात परत आले आणि खरंच नाव टाइप करायला घेतलं. 'हेमांगी चो' इथपर्यंत आले. नुकतंच ज्याला ओवाळलं त्या भावासाठी एवढंही करायचं नाही? पण हात पुढे जाईना. तत्त्व वगैरे काही नव्हतं, उगाच मोठेपणा घेत नाही. मला भीती वाटली. उद्या काही झालं, तर दादा जिथे नाही तिथे त्याचा ठिपका हिरवा असेल, आणि तो माझ्या नावाने हिरवा असेल, एवढंच मला दिसलं. मी नाव खोडलं. डबी काढल्याचं कुठे कळवलंही नाही. मी गप्प राहिले आणि केतकीने तिचं काम केलं. दादा पुन्हा समुद्रात गेला तेव्हा दर्यासागरचा ठिपका हिरवा होता आणि जोगाईचा करडा. खाली लिहिलेलं होतं: ठावठिकाणा माहीत नाही.

सगळ्या नकाशावर एकच करडा ठिपका. अख्ख्या गावाला कळायचं ते कळलं. पावशेकाका फक्त खोकले. दादा जाताना माझ्याशी बोलला नव्हता. वहिनीने आमच्या घरी येणं बंद केलं. आई दोन्हीकडून अडकली. ती मला वाढायची, पण माझ्या ताटाकडे बघून वाढायची. मला फार वाईट वाटत होतं. मी रोज स्वतःला विचारत होते, की भाषेची एक नवी सोय वापरायच्या हौसेपायी मी माझी माणसं तर घालवून बसले नाही ना.

तुळशीच्या लग्नाच्या तोंडावर वादळाची सूचना आली. दूर दक्षिणेला कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता, तो अचानक किनाऱ्याकडे वळला. सगळ्या बोटींना निरोप गेले. बऱ्याच बोटी बंदरात परतल्या. दर्यासागर आणि आणखी काहींनी खालच्या एका खाडीत आसरा घेतला. त्या भागातले टॉवर वाऱ्याने पडले, फोन बंद झाले, पण डब्यांना टॉवर लागत नाही. दर्यासागरच्या दोन्ही डब्या खाडीत सुखरूप असल्याचं सांगत होत्या.

दोन्ही डब्या. जुना सर्व्हर असता तर जोगाईचा ठिपका त्या खाडीत हिरवागार दिसला असता. वहिनीने तो पाहून देवापुढे साखर ठेवली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला तेव्हा तटरक्षक दलाच्या कंट्रोल रूममधून फोन आला. सावंत नावाचे अधिकारी होते. "मॅडम, बाकी बंदरांनी त्यांच्या सगळ्या बोटी सुरक्षित म्हणून कळवल्यात. तुमच्याकडे एक बोट 'माहीत नाही' अशी दिसते आहे. हा तांत्रिक घोटाळा आहे का?"

"नाही, साहेब. आम्हाला खरंच माहीत नाही."

"असं कुणी कळवत नाही हो," ते म्हणाले. "बरं. ड्रोन आहेत आमच्याकडे. कुठे शोधू?"

मी नकाशा उघडला. जिची खबरच नाही अशा बोटीला केतकी ठिपका देत नाही, पसारा देते. शेवटच्या खात्रीच्या जागेपासून वारा आणि प्रवाह बोटीला कुठे कुठे नेऊ शकतील, तेवढं सगळं पाणी. जोगाईची शेवटची खात्रीची जागा म्हणजे आमचा धक्का. पसारा अर्ध्या कोकणाएवढा झाला होता. सावंत म्हणाले, "एवढ्यात शोधायला वेळ लागेल, आणि वेळ आपल्याकडे नाही. काहीतरी आणखी कळवा."

मी मान वर केली तर दारात वहिनी उभी. तिने फोनवरचं सगळं ऐकलं होतं. तिच्यामागे पावशेकाका, कमिटीतले दोघं, आणि जिन्यावर जोगाईच्या खलाशांच्या बायका.

"जागा मना म्हाईत हाय," वहिनी म्हणाली.

"सांग."

तिने माझ्या पडद्याकडे पाहिलं. "ते नकाशावर समद्यांना दिसंल?"

"दिसंल. खोटं नाय सांगत. आनि कोनी सांगितलं तेपन दिसंल. नावाबिगर ती घेत नाय."

आबांनी आयुष्यभर जपलेली जागा. मला, त्यांच्या लेकीला, कधी न सांगितलेली. वहिनीने पदराने तोंड पुसलं आणि खणखणीत आवाजात सांगायला सुरुवात केली. बुडालेल्या बार्जच्या बाहेरच्या अंगाला, पाणी किती खोल, तळाला रेती कुठे संपते आणि खडक कुठे लागतो, सगळं. मी टाइप करत गेले. केतकीने विचारलं, "साक्षीदाराने हे स्वतः पाहिले आहे की ऐकले आहे?"

"ऐकलं," वहिनी म्हणाली. "नवऱ्याच्या तोंडून. लिव. दर्शना हरेश चोगले."

भरवसा चढला, पण अर्ध्याच्याही खाली राहिला. ऐकीव साक्ष, एकच तोंड. पसारा आवळला, तरी ड्रोनला पुरेसा नव्हता. मी वहिनीकडे बघू शकत नव्हते. तिने घरातलं सगळं देऊन टाकलं होतं आणि तेवढ्याने भागत नव्हतं.

तेव्हा पावशेकाका खोकले. हा खोकला मला ओळखीचा होता. "माज्या तांडेलानं परवा जोगाई बगितली," ते म्हणाले. "त्याच बाजूला. दुपारी. हात केलान त्यानं हरेशला."

"पण काका," मी म्हटलं, "तुमची बोट तर नकाशावर परवा दिवसभर खाडीच्या तोंडाशी होती."

"व्हती म्हनजे..." काकांनी रंगवलेल्या मिशीवरून हात फिरवला. "डबी व्हती. नांगरलेल्या होडीवर. लिव गो पोरी, काय लिवायचं ते. रमाकांत पावशे. परवाना गेला तर गेला."

तांडेलाला, म्हणजे काकांची बोट हाकणाऱ्याला, बोलावून आणलं. त्याने स्वतः पाहिलं होतं, वेळ सांगितली, जोगाईचं तोंड कुठल्या दिशेला होतं ते सांगितलं. दोन वेगळी माणसं, दोन वेगळ्या वाटांनी एकच गोष्ट सांगत होती. भरवशाचा आकडा एकदम वर गेला. अर्ध्या कोकणाएवढा पसारा आवळत आवळत काकडीसारखा लांबट झाला आणि वाऱ्याच्या दिशेने उत्तरेला सरकला. मी तो सावंतांना पाठवला. ते फक्त "हं, आता ठीक" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मग आम्ही थांबलो. वहिनी माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. कुणीतरी चहा आणला, तो तसाच गार झाला. आई वर आली आणि भिंतीला टेकून खाली बसली. ऊन खिडकीतून टेबलावर आलं तेव्हा फोन वाजला. बोट सापडली होती. सात माणसं, सात जिवंत. एकाचा हात मोडला होता.

वहिनीने मला इतक्या जोरात मिठी मारली की खुर्ची मागे कलली. तिच्या अंगाला मासळीचा वास होता आणि माझ्या आयुष्यात मला त्याहून चांगला वास आलेला नाही.

पुढे चौकशी झाली, सुनावण्या झाल्या. जितेन, दादा, पावशेकाका, तिघांचेही परवाने काही काळ अडकले, मग सुटले. नकाशात मात्र एक बदल झाला, आणि तो सुचवला वहिनीने. बोटीची जागा आता गावाला दिसत नाही, फक्त तिचा भरवसा दिसतो. जागा कुलपात असते आणि बोट करडी पडली तरच कुलूप उघडतं. त्या दिवसापासून डब्या ज्याच्या त्याच्या बोटीवर आहेत. आजूबाजूच्या बंदरांनी आमच्याकडून तो प्रोग्राम नेला. त्यांच्याकडेही पहिल्यांदा ठिपके पिवळे पडले आणि तिथल्या हेमांगींना शिव्या बसल्या असतील. दांडेखोलातल्या बायका आता ठिपका पिवळा झाला की एकमेकींना विचारतात, तुझ्या वायरलेसवर काही आलं का, माझ्या भावाने त्याला पाहिलं का. काही कळलं तर मला येऊन सांगतात, नावासकट. तुळशीचं लग्न होऊन गेलं, पण जुनं परत बसवायचं नाव कुणी काढलं नाही.

ज्यांनी केतकीची नववी आवृत्ती लिहिली ते कोण, मला ठाऊक नाही. पुण्यात कुठेतरी बसून, समुद्र न बघता, त्यांनी हट्टाने ठरवलं की यंत्राला न कळलेलं कळल्यासारखं दाखवता येणार नाही. किती जणांनी त्यांना सांगितलं असेल, की कशाला ही कटकट, चाललंय ना? त्यांनी ऐकलं नाही. मी देवळात जाते तेव्हा आता त्यांच्यासाठीही हात जोडते. कोण आहेत ते देवाला माहीत असेल.

दादा मात्र परत आल्यावर बरेच दिवस माझ्याशी बोलला नाही. राग नव्हता, पण काय होतं ते त्यालाच सांगता येत नसावं. मग एका दुपारी तो जिना चढून ऑफिसात आला. या खोलीत तो कधी आला नव्हता. माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांत धरून बोलू लागला.

"बॅटरीच्या कप्प्यात पानी शिरलं. इंजिन, दिवे, वायरलेस, समदं एका टायमाला गप. डबी असती तर ती तरी बोलली असती. पोरं म्हनत व्हती, नाखवा, येतील शोधायला. मी 'व्हय' म्हनायचो. पन मना ठाव व्हतं, कोन नाय येनार. डबी जितेनच्या बोटीवर. तू नाव घातलं आसशील, नकाशावर आमी खाडीत हिरवे. दर्शना घरात शांत बसली आसंल. हेमे, बुडायची भीती येगली. आपन बुडतोय आनि घरी समदे म्हनतायत सुकरूप हाय, ती भीती येगली. ती मी कोनाला सांगितली नाय."

तो थांबला. मी पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

"मंग वर ते ड्रोन आलं. घिरटी घातलीन, गेलं आनि परत आलं. पोरं ओरडाया लागली. मी मातर खाली बसलो आनि रडाया लागलो. मना तवाच कललं. समदी दुनिया म्हाईत हाय म्हाईत हाय म्हनत असताना किनाऱ्यावर कोनतरी एकटं उभं राहून बोललंय, जोगाई कुटं हाय मना म्हाईत नाय."

त्याने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"ते तूच, हेपन मना तितंच कललं व्हतं."